मदत हवी आहे : एटीव्हीला घरी बनवलेला कूलंट तापमान मीटर बसवला, इंजिन तापलं तरी आकडा ४५ च्या वर जात नाही

चाकोरी
मंडळी, जरा लवकर मदत करा. शनिवारी गाडी बाहेर काढायची आहे आणि मीटर काही केल्या सुधरत नाही.

एटीव्हीला (खडबडीत वाटांवरची उघडी चारचाकी) कंपनीकडून फक्त लाल दिवा आहे. तो पेटतो तेव्हा पाणी उकळायच्या बेतात असतं. म्हणून आकडा दाखवणारा मीटर स्वतः बनवला. १० के (१०,००० ओहम) एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापलं की रोध कमी होणारा सेन्सर (त्याचा बी हा स्थिरांक ३९५०), त्याला १० के चा रेझिस्टर, आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि छोटा ओलेड डिस्प्ले. टेबलावर अगदी चोख चालतो : उकळत्या पाण्यात ९९, ढवळलेल्या बर्फाच्या पाण्यात ०.

गाडीवर बसवला की बिनसतं. थंड इंजिनवर हवेचं तापमान २५ असताना हा १२-१३ दाखवतो. इंजिन पूर्ण तापून रेडिएटरला हात लावणं अशक्य होतं तेव्हा ४० ते ४५ च्या मध्ये नाचत राहतो. कोडमध्ये काय चुकत असेल? बी चा आकडा बदलून पाहिला, फरक नाही.

ओहमशोधक
कोडचं नंतर बघू, आधी एवढं सांगा :
सेन्सर नेमका कुठे आहे, हेडमध्ये, होजमध्ये की रेडिएटरच्या पात्यांमध्ये खोचलाय?
सेन्सरमधून वायर एक निघते की दोन?
१० के रेझिस्टरचं वरचं टोक नॅनोच्या ५ व्होल्ट पिनला आहे की ३.३ ला?

कॅपिलरी
एवढा खटाटोप कशाला? बल्ब आणि बारीक तांब्याच्या नळीचा यांत्रिक मीटर लावा. वीज नाही, कोड नाही, बॅटरी उतरली तरी आकडा दिसतो. बल्ब पाण्यात, डायल हँडलवर, काम संपलं.

गियरतेल
@कॅपिलरी, ट्रॅक्टरला आणि जुन्या ट्रकला ते उत्तम. एटीव्हीवर हँडल सतत वळतं आणि थरथरतं, त्यात ती नळी एकाच जागी वाकून वाकून चिरते. चिरली की आतला वायू गेला, मीटर कायमचा शून्यावर. डायल हँडलवर न लावता टाकीपुढच्या स्थिर कव्हरवर लावला आणि नळीला दोन-तीन सैल वेटोळी दिली तरच टिकतो.

कॅपिलरी
वेटोळी द्यायचीच असतात, त्यात नवीन काय? नीट बसवला तर वर्षानुवर्षं टिकतो.

बिटवाला
थर्मिस्टर सोडून द्या. डीएस१८बी२० घ्या. डिजिटल आहे, सरळ अंश सेल्सिअस देतो, कॅलिब्रेशनची कटकट नाही. स्टीलच्या टोपीतला तयार मिळतो, ४.७ के चा एक पुल-अप रेझिस्टर लावला की झालं.

ओहमशोधक
@बिटवाला, घरातल्या पाण्याच्या टाकीसाठी उत्तम सेन्सर आहे, इंजिनासाठी नाही. कारणं सांगतो.

त्याची कमाल मर्यादा १२५ अंश. दाबाखालचं कूलंट त्याच्या जवळ जाऊ शकतं, म्हणजे ज्या वेळी मीटर सगळ्यात जास्त हवा त्याच वेळी सेन्सर काठावर. स्टील टोपीच्या तयार प्रोबची वायर बहुधा पीव्हीसीची असते, ती त्याआधीच मऊ पडते.

दुसरं जास्त घातक आहे. वीज सुरू झाल्यावर त्या चिपच्या मेमरीत पहिलं मोजमाप होईपर्यंत ८५ हाच आकडा असतो. सेल्फ मारताना किंवा सैल जोडणीमुळे व्होल्टेज क्षणभर पडलं की चिप रीसेट होते आणि ८५ देते. फ्रीजच्या प्रोबमध्ये ८५ आला तर चूक लगेच कळते. इंजिनाच्या कूलंटसाठी ८५ हे अगदी पटणारं तापमान आहे! खरं पाणी ११० ला असताना मीटर ८५ दाखवेल आणि चालवणारा निर्धास्त राहील.

बिटवाला
कोडमध्ये नेमका ८५.०० आला तर तो वाचन टाकून द्या. एका ओळीचं काम आहे.

ओहमशोधक
आणि पाणी खरोखर ८५ वर असेल तेव्हा? असो. धागाकर्त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

चाकोरी
सेन्सर वरच्या होजमध्ये आहे. रेझिस्टर ५ व्होल्टला. वायर एक. आता कोड टाकू का?

ओहमशोधक
नको. वायर एकच असेल तर कोडकडे बघायचीही गरज नाही, असं मला वाटायला लागलंय. होजमध्ये कसा बसवलाय? होज कापून मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅडाप्टर टाकलाय का? आणि थर्मिस्टरचा दुसरा पाय कुठे गेला?

चाकोरी
हो, होज कापून अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅडाप्टर, दोन्ही बाजूंना क्लॅम्प. १/८ एनपीटीचा (निमुळत्या आट्यांचं एक माप) पितळी प्लग आतून पोकळ केला, थर्मिस्टर त्यात घातला, एक पाय प्लगच्या पितळेला सोल्डर केला, दुसऱ्याची वायर बाहेर काढली, वर इपॉक्सी भरलं. गाड्यांचे तयार एक-वायरी सेन्सर असेच असतात म्हणून तसं केलं. टेबलावर प्लगच्या षटकोनाला मगर क्लिप लावून अर्थ (वजा टोकाशी जोड) दिला होता. गाडीवर अर्थ आट्यांमधून मिळतोच.

ओहमशोधक
मिळत नाही. तयार एक-वायरी सेन्सर सिलिंडर हेडच्या धातूत पिळलेला असतो, हेडमधून बॅटरीच्या वजा टोकापर्यंत धातूचा सलग रस्ता असतो. तुमचा प्लग अ‍ॅडाप्टरमध्ये आहे आणि अ‍ॅडाप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर. तो गाडीपासून पूर्ण तुटलेला आहे.

मग ४५ तरी का दाखवतो? कारण कूलंट थोडी वीज वाहून नेतं. करंट अ‍ॅडाप्टरमधून पाण्यात, पाण्यातून इंजिनाच्या धातूत असा लांबचा फेरा घेतोय. त्या पाण्याच्या रस्त्याचा रोध काही हजार ओहम असतो आणि तो थर्मिस्टरच्या रोधात मिळवला जातोय. एनटीसीमध्ये रोध जास्त म्हणजे तापमान कमी. ९० अंशांना थर्मिस्टर ९३५ ओहम असायला हवा. त्यात पाण्याचे ३३०० मिळवले की ४२००, आणि ४२०० ओहम म्हणजे तुमच्या सूत्रात बरोबर ४५-४६ अंश. थंड पाण्याचा रोध आणखी जास्त असतो, म्हणून थंड असताना १२ दाखवतो तेही याच हिशेबात बसतं. आणि पाणी वाहतं, त्यात बुडबुडे असतात, म्हणून आकडा नाचतो.

खात्री करा. चावी बंद, सेन्सरच्या प्लगची वायर सोडवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक अ‍ॅडाप्टरच्या उघड्या धातूला घट्ट दाबा, दुसरं बॅटरीच्या वजा टोकाला. एक ओहमच्या आत यायला हवं. शेकडो-हजारो आलं, किंवा आकडा एका जागी न थांबता हळूहळू सरकत राहिला, तर हेच कारण.

अर्थ न देता तसंच चालवत राहणंही बरं नाही. पाण्यातून सतत डीसी करंट जाऊ दिला की अ‍ॅल्युमिनियम गंजायला मदतच होते.

पानाफिरकी
टेफ्लॉन टेप लावलाय का आट्यांना? टेप काढा. टेपमुळे अर्थ तुटतो. यावर आधीही धागे निघाले आहेत.

गियरतेल
@पानाफिरकी, एनपीटीचे आटे निमुळते असतात, आवळल्यावर टेप कापून धातू धातूला भिडतोच. चार-पाच फेरे गुंडाळले तर अर्थ खराब होऊ शकतो, दीड-दोन फेऱ्यांनी सहसा नाही. पण टेप पहिला आटा सोडूनच सुरू करा, नाहीतर सुटलेला तुकडा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी जाऊन अडकतो. एक-वायरी सेन्सरला लिक्विड थ्रेड सीलंट जास्त बरं.

आणि चाकोरी, अ‍ॅडाप्टरचे आटे खरंच एनपीटी आहेत का ते बघा. १/८ बीएसपी दिसायला अगदी तसाच असतो. एनपीटीला इंचाला २७ आटे, बीएसपीला २८. हाताने दोन-तीन फेरे छान बसतो, मग अडकतो. पान्याने जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलले जातात आणि गळती कायमची.

चिखलवाट
मुळात गाडी तापतेच का ते शोधा. एटीव्ही तापण्याचं पहिलं कारण म्हणजे रेडिएटरच्या पात्यांत वाळलेला चिखल. समोरून प्रेशरने धुवू नका, चिखल आणखी आत जातो आणि पाती दुमडतात. फॅनचं कव्हर काढून मागून पुढे, साध्या पाइपच्या हलक्या धारेने धुवा. समोरून प्रकाश धरला तर मागून आरपार दिसला पाहिजे.

चाकोरी
@चिखलवाट, रेडिएटर स्वच्छ आहे. गाडी तापते असं मी लिहिलेलं नाही.

झणझणीत
मीटरपेक्षा फॅनला हाताने चालू करायचा स्विच लावा. रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला चावीनंतरचा १२ व्होल्ट स्विचमधून, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीतून १५ अँपिअर फ्यूज घालून, ८७ फॅनच्या अधिक वायरला. चढ सुरू व्हायच्या आधी फॅन चालू करायचा, आकड्याकडे बघायचीच गरज नाही.

ओहमशोधक
@झणझणीत, ही जोडणी सगळ्यांना सरसकट देऊ नका. बऱ्याच गाड्यांत फॅनला अधिक टोक कायम असतं आणि थर्मोस्विच अर्थची बाजू जोडतो. तिथे तुमच्या रिलेने फॅन फिरणारच नाही. तिथे रिलेने फॅनची वजा वायर अर्थला जोडावी लागते. आधी फॅनच्या प्लगवर मल्टिमीटर लावून कुठली बाजू तुटते ते बघायचं, मग रिले.

चाकोरी
मोजलं. अ‍ॅडाप्टर ते बॅटरी वजा : आकडा ४ के च्या आसपास, सरकत राहणारा. अ‍ॅडाप्टरच्या उघड्या धातूला लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट बसवून वायर चॅसीला नेली. आता थंडीत २५, तापल्यावर ८८-९०. पण आता वेगळंच. फॅन सुरू झाला की आकडा त्याच क्षणी ५-६ ने खाली येतो आणि फॅन बंद झाला की पुन्हा वर उडी मारतो. हे कोडमधलं अ‍ॅव्हरेजिंग वाढवून जाईल का?

बिटवाला
हो. १६ वाचनं घ्या, क्रमाने लावा, मधली ८ घेऊन सरासरी काढा. शिवाय अ‍ॅनालॉग पिन ते ग्राउंड १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. स्पार्कचा गोंगाट निघून जाईल.

ओहमशोधक
कपॅसिटर लावाच, तो हवाच. सेन्सरची वायर स्पार्क प्लगच्या केबलपासून निदान हातभर लांब ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. पण फॅनची उडी सरासरीने जाणार नाही. गोंगाट वर-खाली होतो, हा आकडा एकाच दिशेला सरकून तिथेच थांबतो. पाणी एका क्षणात ६ अंशांनी थंड होत नाही. हा अर्थचा दोष आहे.

तुम्ही अ‍ॅडाप्टरचा अर्थ चॅसीला दिलात. फॅनचा अर्थही चॅसीलाच असणार. फॅन ५-६ अँपिअर ओढतो, चॅसी ते बॅटरी या रस्त्याला १० मिलिओहम रोध असला तरी ५०-६० मिलिव्होल्ट पडतात. नॅनोचा ग्राउंड मात्र दुसरीकडून आलाय, त्यामुळे नॅनोला सेन्सरचं व्होल्टेज तेवढं जास्त दिसतं. जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त रोध, म्हणजे कमी तापमान. तुमच्या १० के रेझिस्टरवर ९० च्या आसपास एका अंशाला फक्त १० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे ५०-६० मिलिव्होल्टला ५-६ अंश. हिशेब जुळला.

दोन गोष्टी करा, दोन्ही करा.

एक : अ‍ॅडाप्टरच्या लगमधून निघणारी वायर चॅसीवरून काढून थेट नॅनोच्या ग्राउंड पिनला न्या, सिग्नलच्या वायरीशी पीळ घालून. नॅनोची स्वतःची वजा वायर बॅटरीच्या वजा टोकावर. अ‍ॅडाप्टर फ्रेमला कुठे टेकत नाही ना तेही पाहा, टेकला तर दुसरा रस्ता तयार होतो आणि उडी परत येते.

दोन : १० के काढून १ के लावा, १ टक्केवाला. विभाजकाची (रेझिस्टर आणि थर्मिस्टर मिळून ५ व्होल्ट वाटून घेणारी जोडी) अचूकता रेझिस्टर आणि थर्मिस्टर सारखे असतात त्या तापमानाजवळ सगळ्यात चांगली असते. १० के म्हणजे ती २५ अंशांना, जिथे तुम्हाला काहीच बघायचं नाही. तुमच्या थर्मिस्टरचे अंदाजे रोध असे : ८० ला १२७०, ९० ला ९३५, १०० ला ७००, ११० ला ५३०, १२० ला ४०५ ओहम. ९० ते १०० या दहा अंशांत १० के वर एडीसीचे (नॅनोतला व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) जेमतेम २० आकडे सरकतात, १ के वर ७४. कोडमध्ये रेझिस्टरची किंमतही बदला. छापील १००० नाही, मल्टिमीटरने मोजलेली घाला.

पानाफिरकी
१ के वर थर्मिस्टर स्वतःच गरम होणार नाही का? करंट जास्त जातो.

ओहमशोधक
१०० अंशांना सुमारे ३ मिलिअँपिअर, म्हणजे ६ मिलिवॅट. उघड्या हवेतल्या थर्मिस्टरच्या बारीक मण्याला ते जाणवलं असतं, पितळेला चिकटलेल्या आणि वाहत्या पाण्यातल्या मण्याला नाही. आणखी काटेकोर व्हायचं असेल तर वाचन घेतानाच डिजिटल पिनमधून विभाजकाला वीज द्या. पण तेव्हा त्या पिनचा व्होल्टेज ड्रॉप हिशेबात येतो, म्हणून इथे त्यात पडू नये असं माझं मत.

गियरतेल
कोणी विचारलं नाही म्हणून विचारतो. प्लगमध्ये इपॉक्सी कुठलं भरलंय? पाच मिनिटांत घट्ट होणारं असेल तर ते ७०-८० अंशांतच मऊ पडायला लागतं. दाबाखाली हळूहळू बाहेर ढकललं जातं किंवा मण्याचा पितळेशी संपर्क सुटतो, मग आकडा मागे पडतो.

चाकोरी
पाच मिनिटवालंच आहे. पण पाणी आत येत नाही, प्लग खालून बंद आहे.

गियरतेल
खालून बंद आहे म्हणून गळणार नाही, हे ठीक. संपर्काचा प्रश्न राहतोच. दुसरा प्लग बनवा आणि या वेळी दोन वायरी काढा. थर्मिस्टरच्या एका पायावर बारीक श्रिंक स्लीव्ह, दोन्ही पायांना टेफ्लॉन आवरणाच्या वायरी सोल्डर करून त्या जोडांवरही स्लीव्ह. भोकाच्या तळाशी मूगभर थर्मल पेस्ट, मणी त्यात दाबायचा, वरचा भाग २०० अंश सोसणाऱ्या इपॉक्सीने भरायचा. दोन्ही वायरी पितळेपासून तुटलेल्या आहेत हे मल्टिमीटरने बघा. मग अ‍ॅडाप्टर, चॅसी, टेप यातलं काहीच आड येत नाही. भोक पाडताना तळाला दीड मिमी जाडी ठेवा. फार पातळ केलं तर पान्याच्या पिळाने चिरतं.

कॅपिलरी
एवढं सगळं वाचून माझा पहिला प्रतिसाद अजून कायम आहे.

थंडपाणी
विद्युत बाजू सुटली, आता पाण्याची बाजू. वरच्या होजमध्ये म्हणजे थर्मोस्टॅटच्या पुढे. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथलं पाणी जवळपास उभंच असतं. इंजिन ७० वर पोहोचलं तरी मीटर ३५ दाखवेल, मग एकदम चढेल. हा दोष नाही, पण थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर मीटर थंड दाखवेल आणि हेड भाजत असेल. हेडमध्ये थर्मोस्टॅटच्या आत प्लगने बंद केलेलं भोक असेल तर सेन्सर तिथे सगळ्यात उत्तम.

होजमध्येच ठेवायचा असेल तर सेन्सरचं तोंड कुठे आहे ते सांगा. वरून खाली लटकतोय का?

चाकोरी
वरून. वायर सोयीची पडते.

थंडपाणी
फिरवा. वरचा होज हा बहुतेक गाड्यांत सगळ्यात उंच भाग, हवेचे बुडबुडे तिथेच जमतात. वरून बसवलेल्या सेन्सरचं टोक त्या हवेच्या खिशात राहतं आणि पाण्यापेक्षा कमी तापमान दाखवतं. कूलंट कमी झालं की हा फरक वाढत जातो, म्हणजे पाणी गळतंय आणि मीटर उतरतोय असं दृश्य. आडवा किंवा तिरका खाली करा. ज्याला हे माहीत आहे त्याने आकडा अचानक खाली आला तरी थांबून इंजिन बंद करावं.

चाकोरी
१ के बसवला, अर्थ थेट नॅनोला नेला, सेन्सर आडवा केला. फॅन चालू-बंद होताना आता आकडा एका अंशानेही हलत नाही. मोकळ्या रस्त्यावर ८२-८४, उभ्या गाडीवर ९६ ला फॅन लागतो, ८९ ला थांबतो. दोन वायरीचा प्लग सवडीने करतो. इशारा किती अंशांवर ठेवू? आणि वीज सध्या हेडलाइटच्या वायरीतून घेतली आहे, चालेल?

थंडपाणी
फॅन ९६ ला लागत असेल तर पहिला इशारा १०५, दुसरा ११२. अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल असलेलं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ ला उकळतं. १.१ बारचं टोपण नीट दाब धरत असेल तर सव्वाशेच्या पुढे जातं. म्हणजे १०५ ला टोपणाचं रबर थकलेलं असलं तरी थांबायला वेळ मिळतो.

ओहमशोधक
हेडलाइटची वायर नको. चावीनंतरच्या वायरीतून घ्या. १ अँपिअरचा फ्यूज वायर जिथून निघते तिथेच, नॅनोजवळ नाही. त्यापुढे उलट्या जोडणीपासून वाचवायला एक डायोड, व्होल्टेजचे अचानक झटके शोषणारा १८ व्होल्टचा टीव्हीएस डायोड आणि ४० व्होल्टपर्यंत सोसणारा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा) ५ व्होल्टवर लावून. नॅनोवरच्या रेग्युलेटरवर भिस्त ठेवू नका. चालू इंजिनवर बॅटरीचं टोक क्षणभर सुटलं तरी व्होल्टेज १४ वर थांबत नाही.

थंडपाणी
होज कापला होता, म्हणजे हवा आत गेलेली आहे. गाडी पूर्ण थंड असताना पुढची चाकं फळीवर चढवून रेडिएटर उंच करा, टोपण काढा, मग इंजिन सुरू करून मंद चालवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेवढं कूलंट भरा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा आणि टोपण लावा. हेडवर हवा सोडायचा स्क्रू असेल तर आधी तो. तापलेल्या गाडीचं टोपण यासाठी उघडायचं नाही. अ‍ॅडाप्टरचे क्लॅम्प पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर पुन्हा एकदा आवळा, रबर दबलेलं असतं. शनिवारी निघण्याआधी रिझर्व्ह बाटलीची पातळीही बघून घ्या.